कांटे कीं आंकडे ?

एखाद्या सुशिक्षित कुटुंबांतील संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी. दिवाणखान्याच्या भिंतीवर जुनें लंबकाचें घड्याळ टांगलेलें आहे. आजोबा आरामखुर्चींत बसले आहेत. चष्मा कोठें तरी दुसऱ्या खोलींत राहिला आहे. नऊ-दहा वर्षांचा नातू समोरून जात असतां ते विचारतात, "बाळ, किती वाजले रे ?" नातू भिंतीकडे मान वर करीतच नाहीं. टेबलावरचा मोबाईल तो उचलतो, त्याची कांच उजळते आणि तो उत्तर देतो, "सहा त्रेचाळीस, आजोबा." आजोबा क्षणभर मनाशीं कांहीं जुळवून पाहतात आणि म्हणतात, "म्हणजे पावणेसात होत आले. देवाजवळ दिवा लावायची वेळ झाली."

दोघांनींही वेळच सांगितली, आणि दोघेही बरोबर होते. किंबहुना नातवाचें उत्तर दोन मिनिटांनीं अधिक अचूक होतें. तथापि आजोबांना तें आपल्या भाषेंत फिरवून घ्यावें लागलें. नातवानें एक आंकडा वाचला. आजोबांनीं त्या आंकड्यांतून सातला किती अवकाश उरला आहे तें काढलें. भिंतीवरचें घड्याळ मात्र दोघांच्याही उपयोगी पडलें नाहीं : एकाला तें दिसलें नाहीं आणि दुसऱ्याला तें वाचतां आलें नाहीं. अशा प्रसंगीं सहजच प्रश्न उठतो कीं, कांट्यांच्या घड्याळाचा काळ आतां संपत आला काय ? ज्यांना डिजिटल म्हणतात तीं अंकांचीं घड्याळें मोबाईलवर, आगगाडीच्या फलाटावर, स्वयंपाकघरांतील शेगडीवर, सर्वत्र लुकलुकत असतां, गोल तबकडी आणि तीवर फिरणारे दोन कांटे यांचें प्रयोजन तें काय उरलें ?

या प्रश्नाचा विचार करतांना पहिली गोष्ट ही ध्यानांत घेतली पाहिजे कीं घड्याळाला पोट असतें आणि तोंडही असतें. पोटांतील यंत्र वेळ मोजतें, तोंडावरची तबकडी ती दाखविते. पोट बदललें म्हणजे तोंडही बदलतेंच असें नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेंच कांट्यांच्या घड्याळाच्या मरणाची वार्ता अनेकदां उठली आणि अनेकदां खोटी ठरली.

पोटांतील क्रांत्या पुष्कळ झाल्या. १६५६ सालीं हॉलंडमधील हायगेन्स या शास्त्रज्ञानें घड्याळाला लंबक जोडला, आणि दिवसाकाठीं पाव तासानें चुकणारीं घड्याळें मिनिटाच्या आंत आलीं. त्यानंतरच मिनिटकांट्याला खरा अर्थ आला. पुढची मोठी क्रांति १९६९ सालची. त्या वर्षींच्या नाताळच्या दिवशीं टोकियोमध्यें सेइको कंपनीनें क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. स्फटिकाला विजेचा सूक्ष्म प्रवाह दिला कीं तो एका ठराविक गतीनें थरथरूं लागतो. आज घरोघरच्या घड्याळांत जो स्फटिक असतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरतो. ही संख्या निम्मी, पुनः निम्मी, अशी पंधरा वेळां केली म्हणजे बरोबर एक उरतो. तोच सेकंदाचा ठोका. लंबक नको, स्प्रिंग नको, रोजची किल्लीही नको. परंतु गंमत अशी कीं टोकियोंतील त्या घड्याळाच्या तोंडावर कांटेच होते.

तोंड बदललें तें तीन वर्षांनीं. १९७२ सालीं अमेरिकेंतील हॅमिल्टन कंपनीनें पल्सर नांवाचें घड्याळ बाजारांत आणलें. त्याला ना तबकडी, ना कांटे. काळ्या कांचेवर तांबडे आंकडे उमटत. अठरा कॅरट सोन्याच्या त्या घड्याळाची किंमत २,१०० डॉलर होती. त्यांत एक अडचण होती. ते तांबडे दिवे सतत जळते ठेवले तर विजेरी लवकर संपे, म्हणून वेळ पाहावयाची झाली कीं कळ दाबावी लागे. म्हणजे घड्याळ एका हातावर, आणि तें पाहण्यासाठीं दुसऱ्या हाताचें बोट ! पुढें द्रवस्फटिकांचे करडे आंकडे आले, कळीची गरज सरली, आणि ज्याला एके काळीं सोन्याचा भाव होता तें अंकांचें घड्याळ दहा वर्षांच्या आंत शाळकरी मुलांच्या मनगटावर दिसूं लागलें.

या उलथापालथींत पुष्कळांचें नुकसान झालें. स्वित्झर्लंडमध्यें १९७० च्या सुमारास घड्याळांच्या धंद्यावर सुमारें नव्वद हजार लोकांचें पोट चालत असे. पंधरा वर्षांत त्यांतील सुमारें एकतृतीयांशच उरले. भारतांत १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगळूर येथें एच. एम. टी. चा मनगटी घड्याळांचा कारखाना निघाला होता. परीक्षा उतरलेल्या मुलाला, नोकरीस लागलेल्या तरुणाला, लग्नांत नवरदेवाला एच. एम. टी. चें घड्याळ देणें ही एका पिढीची रीतच होऊन बसली होती. त्या घड्याळांना रोज किल्ली द्यावी लागे. १९८४ सालीं स्थापन झालेल्या टायटन कंपनीनें होसूर येथून क्वार्ट्झचीं घड्याळें आणलीं, आणि अखेर २०१६ सालीं एच. एम. टी. चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला. गल्लींच्या कोपऱ्यावर एका डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजीही विरळ झाले.

तथापि नीट पाहिलें तर या सर्व लढाईंत हरलें तें पोट होय; तोंड हरलें नाहीं. टायटनच्या त्या घड्याळांवर बहुतकरून कांटेच फिरत होते. १९८३ सालीं स्विस लोकांनीं आपला बुडता धंदा सावरला तो स्वॉच या एकावन्न भागांच्या स्वस्त घड्याळानें. त्याच्या पोटांत क्वार्ट्झ होतें, पण तोंडावर कांटे. त्याहून मौजेची गोष्ट पुढची आहे. २०१२ सालीं अ‍ॅपल कंपनीनें आपल्या पडद्यावर घड्याळाचें एक चित्र दाखविण्यास प्रारंभ केला. तें चित्र स्विस रेल्वेच्या स्थानकांवरील घड्याळासारखें हुबेहूब होतें. त्या घड्याळाची आंखणी हान्स हिल्फिकर या अभियंत्यानें १९४४ सालीं केली होती. स्विस रेल्वेनें हरकत घेतली, आणि अ‍ॅपलला रीतसर करार करून तें चित्र वापरण्याचा परवाना घ्यावा लागला. ज्या पडद्यावर वाटेल तो आंकडा, वाटेल त्या आकारांत, विनासायास उमटवितां येतो, तेथें मुद्दाम कांटे काढावे आणि त्या कांट्यांसाठीं करार करावा, याचा अर्थ काय ? अर्थ इतकाच कीं वेळ दाखविण्याच्या त्या जुन्या रीतींत असें कांहीं आहे कीं जें आंकड्यांत सांपडत नाहीं.

तें काय आहे हें पाहण्यापूर्वीं आंकड्यांच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. कांटे जुने म्हणून चांगले आणि आंकडे नवे म्हणून वाईट, हा युक्तिवाद टिकणारा नाहीं. युरोपांतील आरंभींच्या मोठ्या घड्याळांना मुळीं तोंडच नसे. इंग्लंडांतील सॉल्झबरीच्या चर्चमध्यें १३८६ च्या सुमाराचें मानलें जाणारें एक घड्याळ आहे. त्याला तबकडी नाहीं, तें केवळ तासांचे टोल देतें. म्हणजे तबकडी हीदेखील एके काळीं नवीच होती. उलट आंकड्यांचें घड्याळ हें केवळ विजेच्या युगाचें अपत्य नाहीं. जर्मनींतील ड्रेस्डेन शहराच्या संगीत-नाट्यगृहांत १८४१ सालींच रंगमंचाच्या वर एक घड्याळ बसविलें होतें. त्याच्या एका चौकटींत तास रोमन अंकांत दिसे, दुसरींत मिनिटें साध्या अंकांत; आणि दर पांच मिनिटांनीं आंकडा बदले. अंधाऱ्या नाट्यगृहांत दुरून कोणालाही वेळ कळावी एवढाच त्याचा हेतु होता, आणि तो साधला.

जेथें नेमका क्षण हवा असतो तेथें आंकड्यांना तोड नाहीं. गाडी १७ वाजून ४२ मिनिटांनीं सुटते, तेथें "पावणेसहाच्या सुमारास" म्हणून चालत नाहीं. धावण्याच्या शर्यतींत सेकंदाच्या शंभराव्या भागावरून पहिला आणि दुसरा ठरतो. प्रसूतिगृहांत मुलाच्या जन्माची वेळ टिपतांना कांट्यांच्या घड्याळाला ती सकाळची कीं रात्रीची हेंही सांगतां येत नाहीं. बारा तासांच्या तबकडीचा तो उघड उणेपणा आहे. शिवाय मोबाईलची वेळ त्याला दूरवरून आपोआप मिळत असते. आजोबांचें घड्याळ मात्र किल्ली द्यावयाची विसरली कीं दुपारींच झोपीं जातें. हे सर्व गुण मान्य केलेच पाहिजेत.

परंतु माणूस घड्याळाकडे पाहतो तो प्रत्येक वेळीं नेमका क्षण टिपून ठेवण्यासाठीं नव्हे. त्याला बहुधा निराळेंच कांहीं विचारावयाचें असतें : अजून अवकाश आहे काय ? उशीर झाला काय ? गाडी सांपडेल काय ? समजा, सहा वाजून त्रेचाळीस मिनिटें झालीं आहेत आणि सात वाजून दहा मिनिटांची गाडी पकडावयाची आहे. आंकडे पाहणाऱ्याला वजाबाकी करावी लागते, आणि तीही साध्या दशकांची नव्हे, साठांची. साठांतून त्रेचाळीस गेले सतरा, त्यांत दहा मिळविले सत्तावीस. तबकडी पाहणारा कांहींच मोजीत नाहीं. मिनिटकांटा आठाच्या पुढें सरकला आहे आणि त्याला दोनापर्यंत जावयाचें आहे. मधला तुकडा जवळजवळ अर्ध्या वर्तुळाएवढा आहे, हें त्याला एका दृष्टिक्षेपांत दिसतें. भाकरीचा अर्धा तुकडा उरला हें सांगण्यासाठीं जसें कोणी माप आणीत नाहीं, तसाच हा प्रकार. अंकांचें घड्याळ क्षण सांगतें. कांट्यांचें घड्याळ त्या क्षणाची तासांतील जागा दाखवितें. गेलेला भाग आणि उरलेला भाग त्या एकाच चित्रांत शेजारीं शेजारीं असतात.

मराठी भाषेला तर हें विशेष जवळचें आहे. पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द घड्याळापेक्षां पुष्कळ जुने आहेत. धान्याच्या मापांत, पैशांच्या हिशेबांत आणि पंतोजींच्या शाळेंत ते नांदत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी यांचे पाढे मुलें एका सुरांत म्हणत असत. मापें दशमान झालीं, आणे गेले, पाढेही मागें पडले, आणि या शब्दांचीं जुनीं घरें एकेक करून मोडलीं. ज्या थोड्या ठिकाणीं ते आज रोज वापरांत आहेत त्यांतलें एक मोठें म्हणजे घड्याळाची तबकडी. तबकडीचे चार सारखे भाग डोळ्यांना दिसतात, म्हणून सव्वासहा, साडेसहा, पावणेसात हे शब्द जिभेवर सहज येतात. त्यांतही "पावणेसात" हा शब्द किती अर्थपूर्ण आहे पाहा ! तो सहाकडे पाठ करून साताकडे पाहतो. सात व्हावयास पाव उणा आहे, असें तो सांगतो. "सहा पंचेचाळीस" म्हणणाऱ्याला झालेलीं मिनिटें कळतात. "पावणेसात" म्हणणाऱ्याला येऊं घातलेला तास दिसतो. आजोबांना दिव्याची आठवण झाली ती या शब्दामुळें.

तबकडीचें हें चित्र मनुष्यानें कोठून घेतलें ? तें सूर्यापासून घेतलें. उत्तर गोलार्धांत जमिनीवर काठी रोवली तर तिची सांवली सकाळीं पश्चिमेकडे पडते, दुपारीं उत्तरेकडे वळते आणि संध्याकाळीं पूर्वेकडे जाते. सांवलीच्या या फेऱ्याचीच दिशा पुढें घड्याळाच्या कांट्यांनीं उचलली. देवळांत प्रदक्षिणा घालणाराही त्याच दिशेनें फिरतो. जयपुरास सवाई जयसिंहानें अठराव्या शतकांत उभारलेलें सम्राट् यंत्र पाहिलें म्हणजे कांट्याचा हा पूर्वज प्रत्यक्ष दिसतो. सुमारें सत्तावीस मीटर उंचीच्या त्या दगडी यंत्राची सांवली दर सेकंदास सुमारें एक मिलिमीटर सरकते. मिनिटभर उभें राहिलें तर काळ सरकतांना डोळ्यांनीं पाहतां येतो. याच्या उलट, दक्षिण गोलार्धांतील बोलिव्हिया देशानें २०१४ सालीं आपल्या विधिमंडळाच्या इमारतीवरील घड्याळ उलटें फिरणारें केलें. आमच्या आकाशांत सूर्य ज्या बाजूनें फिरतो त्या बाजूनें कांटेही फिरावे, असा त्यांचा भाव. आंकड्यांना उजवें-डावें नसतें, म्हणून त्यांच्यावर असा वाद कधीं होणार नाहीं.

तथापि तबकडी म्हणजे सूर्याचेंच सत्य, असेंही मानण्याचें कारण नाहीं. मुंबईचा इतिहास त्याची साक्ष देतो. पूर्वीं प्रत्येक शहर आपल्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणें चाले. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटें पुढें होती. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या हिंदुस्थानासाठीं साडेपांच तासांची एक वेळ ठरली. म्हणजे मुंबईच्या घड्याळांनीं एकोणचाळीस मिनिटें पुढें उडी घ्यावी, असें ठरलें. मुंबईकरांनीं तें सहजासहजीं मानलें नाहीं. सभा झाल्या, निषेध झाले, आणि पुढें कित्येक वर्षें शहरांत दोन वेळा नांदत राहिल्या. याचा अर्थ असा कीं घड्याळ, मग तें कांट्यांचें असो वा अंकांचें, हा समाजानें आपसांत केलेला एक करार आहे. त्या कराराचें सार्वजनिक रूप म्हणजे मनोऱ्यावरचें घड्याळ. मुंबई विद्यापीठाच्या आवारांतील राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. त्यासाठीं प्रेमचंद रायचंद यांनीं पैसा दिला आणि आपल्या आईचें नांव त्याला दिलें. २८० फूट उंचीच्या त्या मनोऱ्यावरची वेळ मैदानावर खेळणाऱ्या मुलाला, न्यायालयाकडे निघालेल्या वकिलाला आणि डोक्यावर ओझें घेतलेल्या हमालाला एकाच वेळीं दिसे. ज्याला अक्षर-ओळख नव्हती त्यालाही कांट्यांची ठेवण पाहून वेळ ओळखतां येई. मोबाईलमधील वेळ त्याहून अचूक आहे; पण ती ज्याची त्याची खाजगी वेळ आहे. एका वेळीं साऱ्या चौकानें मान वर करून पाहावें, असें तींत कांहीं नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. कांट्यांचें घड्याळ कालबाह्य होईल काय ? दुकानांच्या कांचांमागें पाहिलें तर तसें मुळींच वाटत नाहीं. मोठमोठ्या किंमतीचीं घड्याळें अजून कांट्यांचींच असतात. परंतु वस्तु विकली जाणें निराळें आणि ती वाचतां येणें निराळें. २०१८ सालीं इंग्लंडमधून अशी वार्ता आली कीं तेथील कांहीं शाळांनीं परीक्षेच्या दालनांतील कांट्यांचीं घड्याळें काढून अंकांचीं लावलीं. कारण पेपर सोडवितांना किती वेळ उरला हें कांहीं मुलांना कांट्यांवरून कळेना आणि तीं गोंधळून जात. शाळांनीं केलें तें त्या क्षणीं योग्यच होतें. परीक्षेची वेळ ही घड्याळ शिकविण्याची वेळ नव्हे. पण उरलेला वेळ ज्या चित्रांत सर्वांत स्पष्ट दिसतो तेंच चित्र मुलांना दिसेनासें व्हावें, हा विचार करण्याजोगा प्रकार आहे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाहीं. मोडी लिपीचें काय झालें ? कित्येक शतकें या प्रदेशाचा सारा व्यवहार मोडींत चालला. दौलतीचे हिशेब, गांवचे निवाडे, सावकारांचीं खतें, घरगुती पत्रें, सर्व मोडींत. छपाईसाठीं बाळबोध लिपी सोयीची ठरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडीचें शिक्षण शाळांतून उठलें. तें उठतांना कोणी मोठा शोक केला नाहीं. एका पिढीला ती येत होती, म्हणून दुसरीला ती शिकविण्याचें अगत्य वाटलें नाहीं, इतकेंच. आज पुण्याच्या दप्तरखान्यांत मोडी कागदांचे डोंगर आहेत आणि ते वाचणारे थोडे आहेत. कित्येकांच्या माळ्यावरच्या पेटींत पणजोबांच्या हातचा कागद असतो आणि घरांत तो कोणालाच लागत नाहीं. कागद टिकला, शाई टिकली. वाचणारा डोळा तेवढा गेला. एखादी वस्तु कालबाह्य होते ती तिच्याहून सरस वस्तु आल्यामुळेंच होते असें नाहीं. पुष्कळदां ती वाचणारा कोणी उरत नाहीं म्हणून होते.

घड्याळ वाचणारा डोळा गेला तर काय बिघडेल, असें कोणी विचारील. दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. पहिलें वृद्धांचें. स्मरणशक्ति आणि विचारशक्ति मंदावत आहे काय, हें प्राथमिक तपासणींत पाहण्यासाठीं डॉक्टर वृद्ध माणसाच्या हातीं कागद देतात आणि सांगतात : घड्याळाची तबकडी काढा, आंकडे घाला, आणि अकरा वाजून दहा मिनिटांची वेळ दाखवा. ही परीक्षा दिसते तितकी सोपी नाहीं. "दहा" हा शब्द ऐकून कांटा दहाच्या आंकड्यावर न नेतां दोनाच्या आंकड्यावर न्यावा लागतो. ज्याचें मन थकलें आहे तो नेमका दहापाशीं अडखळतो, आणि डॉक्टरला एक धागा मिळतो. एक साधें वर्तुळ आणि दोन रेघा, एवढ्यांत माणसाच्या बुद्धीचा इतका भाग उघडा पडतो. कारण वर्तुळांत जागा ओळखणें, संख्या समजणें आणि एका खुणेचा दुसरा अर्थ लावणें, या सर्व शक्ति तेथें एकत्र राबतात. ज्या मुलांनीं तबकडी कधीं शिकलीच नाहीं तीं म्हातारीं होतील तेव्हां ही परीक्षा त्यांच्यापुढें ठेवून उपयोग नाहीं. आणि तें केवळ परीक्षेचेंच नुकसान नव्हे. ज्या शक्ति म्हातारपणीं तपासावयाच्या त्या बालपणीं राबविण्याचें एक रोजचें निमित्तही गेलेलें असेल.

दुसरें उदाहरण अंधांचें. अंध माणसासाठीं एक प्रकारचें मनगटी घड्याळ असतें. त्याची कांच उघडते, तबकडीवर उठावाचे ठिपके असतात, आणि बोट फिरवून कांट्यांची जागा चाचपतां येते. भारतांत एच. एम. टी. नेंही अशीं घड्याळें केलीं होतीं. बोलणारीं घड्याळें आतां निघालीं आहेत. परंतु चारचौघांत, सभेंत किंवा वर्गांत कोणालाही न कळतां वेळ पाहावयाची झाली तर बोटाखालचे कांटेच उपयोगी पडतात. इतकेंच नव्हे, तर अंध माणसाला जेवावयास वाढतांना ताटांतील पदार्थांच्या जागा घड्याळावरून सांगण्याची रीत आहे : भात सहाच्या जागीं, भाजी तीनच्या, कोशिंबीर नऊच्या. वाढणाऱ्याला आणि जेवणाऱ्याला, दोघांनाही तबकडी पाठ असेल तरच हें जमतें. तबकडी ही अशा रीतीनें केवळ वेळेची नव्हे, तर दिशेचीही सर्वांना ठाऊक असलेली भाषा होऊन बसली आहे.

तात्पर्य, कांटे कीं आंकडे, असा झगडा लावण्याचें कारण नाहीं. गाडीची वेळ आंकड्यांनीं सांगावी. गाडीला किती अवकाश आहे तें कांट्यांनीं दाखवावें. दोन्ही एका घरांत सुखानें नांदूं शकतात. भीति आंकड्यांची नाहीं; भीति आहे ती न शिकविण्याची. तबकडी वाचावयास शिकणें हें फार अवघड काम नाहीं, पण तें आपोआप होणारेंही नाहीं. पूर्वीं तें घरांतच होत असे. आई स्वयंपाक करतां करतां म्हणे, "मोठा कांटा सहावर आला कीं मला हांक मार." मूल टक लावून बसे, आणि त्या अर्ध्या तासांत तें घड्याळही शिके आणि धीरही शिके. शाळेच्या पुस्तकांत घड्याळाचा धडा असतो. पण जें भिंतीवर रोज दिसत नाहीं तें धड्यांतून फार दिवस टिकत नाहीं.

ज्या घरांत भिंतीवरचें घड्याळ बंद पडून केवळ शोभेला उरलें असेल, तेथें श्रोत्यांनीं त्याला किल्ली द्यावी किंवा नवी विजेरी घालावी, आणि घरांतल्या लहान मुलाला किती वाजले असें विचारण्याऐवजीं थोडा निराळा प्रश्न विचारावा. आरामखुर्चींतील आजोबांनींही दुसऱ्या दिवशीं तसेंच करावें. "बाळ, मोबाईल राहूं दे. वर बघ आणि सांग, सात वाजायला किती उरलें ?" पहिल्या दिवशीं नातू चुकेल. दुसऱ्या दिवशीं तो बोटानें पाच-पाच मिनिटें मोजील. महिन्याभरानें तो मोजणार नाहीं, मान वर करील आणि म्हणेल, "पाऊण तास झाला, आजोबा, पाव उरला." त्या दिवशीं भिंतीवरचें तें घड्याळ आणखी साठ-सत्तर वर्षांसाठीं पुनः चालू झालें, असें खुशाल समजावें.